स्वदेशीची तक्रारवही

देशप्रेमाचा आजचा भाव काय, हे कुठल्याही वर्तमानपत्रात छापून येत नाही. तो जाणून घ्यायचा असेल तर दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात पुण्याच्या तपकीर गल्लीत जाऊन उभं राहावं. बुधवार पेठेतली ही गल्ली विजेच्या सामानाची. एरवी तिथं अंग चोरून चालावं लागतं. दिवाळीत चालावंही लागत नाही. गर्दीच आपल्याला एका तोंडानं आत घेते आणि दुसऱ्या तोंडानं बाहेर सोडते. मधल्या वेळात हाताला लागेल ती खरेदी. तर या गल्लीत दर पाच मिनिटांनी एक संवाद कानावर पडतो.

"लायटिंगची माळ दाखवा. इंडियन हं! चायनाची अजिबात नको."

"ही घ्या काका. तांब्याची वायर, वर्षाची गॅरंटी. साडेचारशे."

इथं काका जरा घुटमळतात. हातातली माळ हातातच राहते, नजर मात्र शेजारच्या ढिगावर जाते.

"आणि ती?"

"ती नव्वद."

"कुठली आहे?"

"आत्ता तुम्ही अजिबात नको म्हणालात ना, ती."

"नाही, नुसतं विचारून ठेवतोय. पेटते ना पण?"

फरक दहा-वीस रुपयांचा असेल तर गल्लीतला प्रत्येक जण कडवा स्वदेशी असतो. शंभराच्या पुढं गेला की तो बायकोकडे बघतो. दोनशेच्या पुढं गेला की त्याला जागतिकीकरणाची बाजूही पटायला लागते. आणि तीनशेच्या वर गेल्यावर त्याचं म्हणणं असं पडतं, की सीमेवरचा प्रश्न सरकारनं सोडवायचा आहे, आमच्या बाल्कनीनं नव्हे. एका गृहस्थांनी तर मधला मार्ग काढला होता. नव्वदवाली माळ उलटसुलट करत ते म्हणाले, "हीच, पण मेड इन इंडिया लिहिलेली नाही का?" दुकानदार म्हणाला, "स्टिकर लावून देतो की. किती देऊ?"

आमच्या सोसायटीत स्वदेशीचं खातं नानांकडे आहे. 2020 च्या जून महिन्यात सरकारनं एका फटक्यात 59 चिनी ॲप बंद केली, तेव्हा नानांनी पेढे वाटले आणि पेढे वाटतानाचे फोटो सगळ्यांना पाठवले. ते कुठल्या फोनवर काढले, हे विचारण्याचा करंटेपणा कुणी केला नाही. हेच नाना पुढे वर्षभर एक टॉर्च अभिमानानं मिरवत होते, कारण तिच्या बुडाशी 'मेड इन पी. आर. सी.' असं लिहिलेलं होतं. ही पिंपरीतली कुठली तरी कंपनी असावी, अशी त्यांची समजूत. पी. आर. सी. म्हणजे पीपल्स रिपब्लिक ऑफ चायना, हे त्यांना नातवानं सांगितलं. नानांनी टॉर्च फडताळात मागे ठेवली. टाकून मात्र दिली नाही, चालू होती.

दुकानदाराचीही यात पंचाईत असते. इंडियन माल म्हणजे नेमका किती इंडियन, हे त्याला दर गिऱ्हाईकागणिक नव्यानं ठरवावं लागतं. "वायर इथली, पिन इथली, जोडणी भोसरीच्या एका गाळ्यात आमच्याच ताया करतात. बल्ब तेवढे तिकडचे," असं त्यानं नानांना प्रामाणिकपणे सांगितलं.

"म्हणजे चिनीच की!"

"तसं नाही नाना. बापाकडून चिनी, आईकडून भोसरी."

यावर नाना गप्प बसले. स्थळ बघायला आल्यासारखी त्यांनी माळ पुन्हा एकदा खालीवर न्याहाळली आणि 'घरी विचारून सांगतो' म्हणून परत ठेवली.

भावाचं मी समजू शकतो. खिसा ज्याचा त्याला माहीत. महिनाअखेरीला कुणी नव्वदाची माळ घेतली म्हणून त्याला देशद्रोही ठरवण्याइतका मी तरुण नाही. मला गंमत वाटते ती खरेदीनंतरची. नव्वदाची माळ लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दोनदा फडफडून कायमची विझली, तर घरात कुणी हूं की चूं करत नाही. "नव्वद रुपयांत आणखी काय येणार?" असं म्हणून ती गुंडाळून कचऱ्यात जाते. पुढच्या वर्षी तीच परत येते. पण साडेचारशेची देशी माळ भाऊबीज उलटली तरी पेटत असेल आणि तिच्यातला एकच बल्ब शेजारच्यापेक्षा किंचित पिवळा दिसत असेल, तर दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत माणूस पावतीसकट पायरीवर हजर! "हे असं असतं, म्हणून आपला देश मागे!" हे वाक्य चिनी माळ हातात धरून उच्चारताना मी आजवर कुणाला ऐकलेलं नाही. ते फक्त देशी मालाच्या वाट्याला येतं. चिनी माल बिघडला तर आपण दैवाला दोष देतो. देशी माल बिघडला तर मालकाच्या खानदानाला.

हे आजचं नाही. पुण्यातले गणेश वासुदेव जोशी, ज्यांना लोक सार्वजनिक काका म्हणत, ते 1877 च्या दिल्ली दरबाराला हातानं कातलेल्या सुताचे कपडे घालून गेले होते. भोवती राजेरजवाडे जरीकाठ आणि हिऱ्यामोत्यांत मढलेले, आणि मध्ये हे खादीतले वकील. माणूस नुसता कपडे घालून थांबला नाही. देशी मालाची दुकानं निघावीत म्हणूनही खटपट केली. त्या दुकानांत जाऊन 'जरा बरं सूत नाही का?' असं विचारणारा पहिला पुणेकर कोण, याची इतिहासात नोंद नाही. पण तो पहिल्याच दिवशी आला असणार, याबद्दल मला शंका नाही.

पुढे 1905 च्या ऑक्टोबरात पुण्यात विलायती कपड्यांची होळी झाली. फर्ग्युसन कॉलेजात शिकणाऱ्या विनायक दामोदर सावरकरांना तिच्यापायी दहा रुपये दंड झाला आणि वसतिगृह सोडावं लागलं. होळीचं वर्णन सगळ्या पुस्तकांत आहे. दुसऱ्या दिवशी घरोघरी काय झालं ते कुठंच नाही. नवऱ्यानं देशासाठी कुठलं धोतर दिलं, नवं की गुडघ्यावर विरलेलं, हे घरातल्या बाईला नक्की ठाऊक असणार. आणि तिनं ते कुणाला सांगितलं नाही, हा मला त्या चळवळीतला सगळ्यात मोठा त्याग वाटतो.

त्याच काळात अंताजी दामोदर काळे नावाच्या गृहस्थांनी पैसा फंड काढला. माणशी एक पैसा द्या, त्यातून देशी उद्योग उभे करू. हा माणूस मराठी नाडी ओळखून होता. रुपया मागितला असता तर लोकांनी आधी फंडाची घटना मागितली असती, मग पोटनियम, मग ते नियम कुणी केले त्याची चौकशी. पैशाला कोण नाही म्हणतो? लोकमान्यांनीही फंड उचलून धरला आणि 1908 साली तळेगाव दाभाड्याला काचेचा कारखाना उभा राहिला. तिथं नुसती काच झाली नाही, काच करणारी माणसंही तयार झाली. एकेका पैशातून उभ्या राहिलेल्या या कारखान्याचा मला एकच धोका दिसतो: गावोगावच्या प्रत्येक देणगीदाराला आपण मालक आहोत असं वाटलं असणार, आणि कंदिलाची काच तडकली की तो आपला पैसा परत मागायला निघाला असणार.

पण देशी मालाचं आणि मराठी गिऱ्हाईकाचं नातं बघायचं तर लक्ष्मणराव किर्लोस्करांकडेच जायला हवं. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधली मास्तरकी सोडून ते बेळगावात आले. तिथं किर्लोस्कर बंधूंचं सायकलींचं दुकान होतं. सायकली बाहेरून यायच्या, हे विकायचे, वर चालवायलाही शिकवायचे. आता विचार करा. दोन चाकांवरची ती यंत्रं. बसलं की पडायला होणार हे उघड. विकत घ्यायची, वर पडायचं शिकण्याची फी द्यायची, आणि तरी लोक घेत होते. विलायती होती ना!

त्याच लक्ष्मणरावांनी 1903 साली लोखंडी नांगर केला. शेतकऱ्याच्या रोजच्या कामाची, कुणाला न पाडणारी, मातीत खोल जाणारी वस्तू. आणि सुमारे दोन वर्षं नांगर पडून राहिले. का? तर लोखंडानं जमीन नासते, लोखंडाचं विष मातीत उतरतं! त्याच जमिनीत हजारो वर्षं कुदळी, विळे आणि लाकडी नांगराचा लोखंडी फाळ चालत आला होता, त्या लोखंडाचं विष बहुधा घरगुती होतं. नांगर विलायतेहून आला असता तर हीच मंडळी 'साहेबाचं डोकं!' म्हणून त्याला कुंकू लावून आली असती, असं माझं मत आहे. आता हा बेळगावचा किर्लोस्कर. याला आपण सायकलीच्या दुकानात हात काळे करताना पाहिलेलं. याला नांगरातलं काय कळतं?

बेळगावची जागा सुटल्यावर औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला. निवडुंग आणि साप, याखेरीज तिथं फारसं काही नव्हतं. 1910 मध्ये त्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. आणि तरीही गिऱ्हाईक पटेना म्हणून की काय, 1920 साली त्यांनी 'किर्लोस्कर खबर' हे मासिक काढलं. निघालं ते कारखान्याच्या मालाची माहिती द्यायला. पुढे त्याचं 'किर्लोस्कर' झालं, त्याच्यामागून 'स्त्री' आलं, 'मनोहर' आलं आणि मराठी माणसांच्या दोन-तीन पिढ्या त्यांवर वाढल्या. जगात नांगर विकणारे पुष्कळ झाले असतील. पण नांगर विकायला ज्याला कथा, कविता, व्यंगचित्रं आणि स्त्रियांच्या प्रश्नांवरचे लेख छापावे लागले, असा कारखानदार महाराष्ट्राशिवाय कुठं सापडणार? आपल्याकडे माल पटवायचा तर आधी वाद घालून डोकं पटवावं लागतं. विलायती नांगराला मासिकाची गरज पडली नाही.

ओगल्यांचं नशीब जरा बरं, कारण त्यांच्या मदतीला महायुद्ध आलं. पहिल्या महायुद्धापर्यंत काचसामान ऑस्ट्रिया, जर्मनी, बेल्जियमकडून यायचं. युद्धानं ती वाट अडली. 1916 साली कऱ्हाडजवळ ओगले ग्लास वर्क्स सुरू झालं, जागेचं नाव ओगलेवाडी पडलं आणि पुढं तिथला 'प्रभाकर' कंदील महाराष्ट्राच्या ओसरीओसरीवर टांगला गेला. देशी काचेला गिऱ्हाईक मिळावं म्हणून युरोपातल्या निम्म्या राजांना आपसांत लढावं लागलं, हे जरा महागात पडलं खरं; पण आपण त्याखेरीज हलतो कुठं?

आमच्या गावच्या घरी माळ्यावर अजून एक प्रभाकर आहे. पत्र्याची गोल टाकी, वर तारेच्या जाळीत बसवलेली काच, काच वर उचलायचा बाजूचा खटका आणि वात खालीवर करायची चकरी. राखेनं काच पुसायचं काम लहान हाताच्या पोरांचं, कारण मोठ्यांचा हात आत जात नसे. आजी सांगायची, जुनी जर्मन काच फुटली की पोराच्या पाठीत धपाटा बसायचा. ओगल्यांची फुटली की आजोबा पोराला काही बोलत नसत. ते म्हणत, "भट्टीत काहीतरी राहिलंय," आणि सरळ कार्ड लिहायला बसत.

कार्ड लिहिता यायचं, हा सगळ्यात मोठा मुद्दा आहे. देशी मालाला पत्ता असतो. किर्लोस्करवाडी रेल्वेचं स्टेशन आहे. कऱ्हाडचं स्टेशन ओगलेवाडीलाच आहे. म्हणजे नांगर वाकडा चालला किंवा कंदील काजळी धरायला लागला, तर माणूस तिकीट काढून थेट मालकाच्या दारात उतरू शकत होता. तक्रारीची इतकी सोय जगातल्या कुठल्याही उद्योगानं केली नसेल. नव्वदाच्या माळेवर भांडायला कुठं जाणार? खोक्यावर एक अक्षर मराठी नाही, आणि तिकडं गेलोच तर भांडण दुभाष्यामार्फत करावं लागेल. दुभाष्यामार्फत केलेल्या भांडणाला चव नसते.

मधला काळ 'फॉरेन'चा. तो थोडक्यात उरकतो, कारण तो आठवून सगळ्यांनाच लाजायला होतं. दुबईहून आलेल्या मामानं साबणाची वडी दिली तर ती न वापरता कपाटात साड्यांच्या घडीत ठेवायचा तो काळ. मनीष मार्केटात घासाघीस करून 'इंपोर्टेड' घड्याळ घ्यायचं, आणि ते उल्हासनगरचं निघालं तरी मनगटावर विलायतच समजायची. मग 1 एप्रिल 2001 ला आयातीवरची उरलीसुरली संख्येची बंधनं सरकारनं उठवली. तारीख कुणी निवडली ठाऊक नाही. त्यानंतर फॉरेनचा माल इतका स्वस्त झाला, की तो कपाटात ठेवायचं कुणाला सुचेना.

आपण पूर्णपणे, एकमुखानं, कुणी न सांगता स्वदेशी झालो ते एकदाच. डिसेंबर 2019 मध्ये. त्या वर्षी पावसानं कांद्याचं वाटोळं केलं, भाव शंभरीपार गेले आणि केंद्र सरकारनं तुर्कस्तान, इजिप्तहून कांदा मागवला. हजारो टन कांदा बंदरांवर उतरला. स्वस्त होता, मोठा होता, दिसायला तर असा, की प्रदर्शनात पहिला नंबर यावा. आमच्याकडे आला तो एकच कांदा तराजूत पाव किलोचा भरला. काकूंनी, म्हणजे नानांच्या सौभाग्यवतींनी, तो ओट्यावर ठेवून बुक्की मारली. कांदा फुटला नाही, काकूंचं मनगट दुखावलं. मग विळीवर चिरला. चिरताना डोळ्यांतून पाणी येईना, तिथंच त्यांना संशय आला. त्याची भजी झाली, पण ती बेसनाची होती. कांदा आत केवळ उपस्थित होता. झुणक्यात घातला तर पाणी सुटलं, कच्चा खाल्ला तर काकडीनं नाव बदलल्यासारखं लागलं. 

"हा फुकट दिला तरी नको," काकू म्हणाल्या. लासलगावचा कांदा त्यांनी मग शंभरानं आणला, अर्धा किलो. आणि एकेक पाकळी मोजून वापरला. राज्याराज्यांनी नोंदवलेली मागणी मागे घेतली, त्यात महाराष्ट्रही होता, आणि जानेवारीत केंद्रीय मंत्र्यांवर 'कांदा न्या हो' म्हणायची पाळी आली. ना सभा, ना शपथ, ना होळी. नानांनी फोनवर एक ओळही पाठवली नाही. स्वदेशीचं जे काम सार्वजनिक काकांच्या खादीला जड गेलं, ते एका मिळमिळीत कांद्यानं आठवड्यात केलं. याचा अर्थ आपल्या जिभेला जेवढं कळतं तेवढं डोळ्यांना आणि हाताला कळत नाही. माळ चावून बघता आली असती, तर तपकीर गल्लीतलं चित्र वेगळं दिसलं असतं.

खेळण्यांच्या बाबतीत सरकारनं जिभेवर भरवसा ठेवला नाही, हे बरं केलं. पोरं ती तोंडातच घालतात. 2020 साली खेळण्यांवरचं आयात शुल्क 20 टक्क्यांवरून 60 वर नेलं, 2023 मध्ये 70 वर, आणि 2021 च्या जानेवारीपासून आयएसआय शिक्का सक्तीचा केला. तेव्हापासून आमच्या नातेवाइकांत सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांची चाल पडली आहे. चितार आळीत ती मांडलेली बघावीत. लाकडाची केळी, डाळिंब, कापलेल्या कलिंगडाची फोड, भातुकलीची बोळकी, रंग असे चकचकीत की पाहुण्यानं फळ उचलून तोंडाला लावावं. पोराचा बाप ती हातात घेतो, भावूक होतो, किंमत विचारतो, आणि तसाच भावूक चेहऱ्यानं खाली ठेवतो.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. सायरन वाजवत फिरणाऱ्या चिनी पोलीस गाडीचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे ती तिसऱ्या दिवशी बंद पडते. घरातल्या मोठ्यांना हे ठाऊक असतं. तेवढ्या भरवशावरच ती घेतली जाते. सावंतवाडीचा लाकडी बैल बंद पडत नाही. तो तीन पिढ्या टिकतो आणि मध्यरात्री पाणी प्यायला उठलेल्या माणसाच्या करंगळीला आपण कुठल्या लाकडाचे आहोत ते सांगतो. टिकाऊपणाच्या जाहिराती करणाऱ्यांनी ही बाजू लपवून ठेवलेली आहे.

कोल्हापुरी चपलेचं तर विचारूच नका. कोल्हापूरच्या चप्पल लाईनमध्ये उभा राहून मी एक सौदा शेवटपर्यंत ऐकला आहे. कारागीर सांगत होता, "साहेब, हाताची शिलाई आहे, खिळा नाही. आठ दिवस एरंडेल लावा, पायात बसंल." साहेब चप्पल वाकवत होते, हुंगत होते, करकर वाजते का ते बघायला फरशीवर दोन फेऱ्या मारत होते. "बाराशे? आमच्या आजोबांनी सव्वादोन रुपयांत घेतली होती." कारागीर म्हणाला, "मग आजोबांना पाठवा की." साहेबांच्या स्वतःच्या पायात रबराची ती भोकाभोकांची पादत्राणं होती, कुठली ते सांगायला नको, आणि त्यांचे पैसे त्यांनी फोनवरच, तोंडातून ब्र न काढता भरले असणार.

मग 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये इटलीच्या प्राडानं हुबेहूब तशी चप्पल दाखवली आणि किंमत लाखाच्या वर असल्याच्या बातम्या आल्या. महाराष्ट्र पेटून उठला. कोल्हापुरीला 2019 मध्येच भौगोलिक मानांकन मिळालंय, ही माहिती लोकांनी एकमेकांना इतक्या वेळा पाठवली की ती कारागिरालाही पाठ झाली असेल. प्राडालाही शेवटी प्रेरणा भारतातली असल्याचं मान्य करावं लागलं. सगळं चांगलं झालं. पण त्या लाखाच्या आकड्यावर 'शेवटचे किती द्यायचे?' असं एकानंही विचारलं नाही, ही गोष्ट मला अजून सलते. तेवढीच इटलीला आपली ओळख पटली असती.

आता नाना. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी पंखा घेतला. आधी ऑनलाइन एक परदेशी टेबलफॅन मागवला होता. तो मे महिन्याच्या तोंडावर गतप्राण झाला. नानांनी तो भंगारवाल्याला चाळीस रुपयांना घातला आणि सौदा चांगला झाला म्हणून संध्याकाळी खुशीत होते. मग भोसरीच्या एका छोट्या कारखान्याचा छताचा पंखा आणला. सहाशे रुपये जास्त देऊन. ते सहाशे रुपये त्यांनी पुढं महिनाभर जिन्यात भेटेल त्याला सांगितले.

आठव्या दिवशी पंखा कुरकुरायला लागला. नानांनी पावतीवरच्या नंबरवर फोन केला तर तो कारखान्याच्या मालकानंच उचलला. इथंच त्या बिचाऱ्याचं चुकलं. एवढी यंत्रं तयार करणाऱ्या माणसानं एक 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' म्हणणारी बाई नेमायला नको का? नानांनी त्याला स्वदेशीची चळवळ, आपली बेचव औद्योगिक संस्कृती आणि जपानी माणसाची शिस्त यांवर पंचवीस मिनिटं ऐकवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतः स्कूटरवर आला. स्टुलावर चढला. पंख्याची वरची वाटी छताला घासत होती, ती अंगठ्याएवढी खाली घेऊन त्यानं स्क्रू आवळला. कुरकुर थांबली. काकूंनी पोहे दिले, ते त्यानं खाल्ले, आणि जाताना नानांच्या दाराची कडी सैल होती तीही आवळून दिली.

त्या रात्री नानांनी त्याला पत्र लिहिलं. मला वाचून दाखवलं म्हणून मजकूर ठाऊक आहे. पात्यांचा पांढरा रंग नमुन्यापेक्षा किंचित निळसर आहे. खोक्याची सुतळी निकृष्ट होती. माहितीपत्रकात शुद्धलेखनाच्या चुका आहेत, त्या लाल शाईनं दुरुस्त करून सोबत जोडत आहे. पंखा पाचव्या आकड्यावर फार वारा देतो, त्यामुळे पेपर उडतो. मालकानं स्वतः स्टुलावर चढणं कारखान्याच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. आणि सहावा मुद्दा, असं सगळं असल्यामुळेच मराठी माणूस धंद्यात मागे पडतो. खाली ता. क. होता: 'याच पंख्याचे आणखी दोन नग हवे आहेत. जुन्या गिऱ्हाईकास काय सूट द्याल ते कळवावे.'

उत्तर दोन दिवसांत फोनवर आलं. 'मुद्दा एक ते सहा मान्य. सूट नाही. पोहे छान होते.'

"बघितलंस?" नाना मला म्हणाले. "किती उद्धट माणूस! दोन ओळींत मोकळा. गिऱ्हाईकाशी बोलायची ही रीत झाली?" मग फोन खिशात टाकला, चष्मा पुसला. "शनिवारी तुझी गाडी मोकळी आहे का रे? भोसरीला जाऊन पंखे घेऊन येऊ. रिक्षावाला उगाच तीनशे घेईल."